पानाखालची नागमोडी रेघ

तुमच्या शेवटच्या असाइनमेंटच्या तळाशी संदर्भांची यादी होती ना? त्यातली किती पुस्तकं तुम्ही खरंच हातात घेतली होती? जरा मोजा. मनातल्या मनात मोजलंत तरी चालेल, आकडा कुणी विचारणार नाहीये.

माझा आकडा मीच सांगते. यादीत सात पुस्तकं होती, त्यातली हातात घेतलेली दोन. उरलेली पाच चॅटबॉटने सुचवली होती. सबमिशन सकाळी दहाला आणि घड्याळात रात्रीचे दीड वाजलेले, त्यामुळे मी ती सरळ उचलून चिकटवली. पाचातली चार पुस्तकं खरी निघाली. पाचव्याला लेखक होता, प्रकाशक होता, साल होतं, पान नंबरसुद्धा होता. फक्त ते पुस्तक जगात कुठेच नव्हतं.

गंमत म्हणजे माझा सिमिलॅरिटी रिपोर्ट एकदम स्वच्छ आला होता, सहा टक्के. सॉफ्टवेअरला काहीच सापडलं नाही. सापडलं ते आमच्या सरांना, आणि ते माझ्या एकटीमुळे नाही. मी ती यादी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली होती. दोघींनी ते पाचवं पुस्तक आपल्या यादीत घेतलं. टाइप करताना लेखकाच्या आडनावात माझ्याकडून एक अक्षर चुकलं होतं, तेही त्यांनी तसंच घेतलं. तीन असाइनमेंट, न सापडणारं एकच पुस्तक आणि स्पेलिंगची एकच चूक! सरांनी तिघींना बोलावलं. त्यातल्या एकीने बाकी सगळं स्वतः, लायब्ररीत बसून लिहिलं होतं. तिने माझ्याकडून घेतलेली ओळ ती एकच. मार्क तिचेही गेले. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सरांनी आरडाओरडा केला नाही. असाइनमेंट परत लिहायला सांगितली आणि वर एक काम दिलं. लायब्ररीत जाऊन महाभारताच्या आदिपर्वाचा १९३३चा खंड काढायचा, कुठलंही एक पान उघडायचं आणि त्या पानावर वर काय आहे, खाली काय आहे, ते बघून यायचं. मी वैतागूनच गेले. पण त्या पानामुळे मला एक माणूस भेटला, आणि आज मी तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगणार आहे. डॉ. विष्णू सीताराम सुकथनकर. काही ठिकाणी त्यांचं आडनाव सुखटणकर असंही लिहिलेलं दिसतं. महाभारताची जी संशोधित आवृत्ती आज जगभरातले अभ्यासक प्रमाण मानतात, तिचे ते प्रमुख संपादक.

गणितवाला संस्कृतकडे येतो

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७चा, मुंबईचा. शाळा-कॉलेज मुंबईत. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधून पदवी घेतली ती गणितात. म्हणजे तुमच्यापैकी जे सायन्सला जाऊन आता आपल्याला खरं तर दुसरंच काहीतरी करायचंय म्हणत बसलेत, त्यांनी हे लक्षात ठेवा.

गणितानंतर ते जर्मनीत बर्लिनला गेले. तिथे हाइनरिश ल्यूडर्स हे संस्कृतचे मोठे पंडित होते. जुना शिलालेख असो की फाटकी पोथी, प्रत्येक अक्षर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी त्यांच्याकडची शिस्त. सुकथनकरांनी शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. भारतात परतल्यावर ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम करू लागले. शिलालेख आणि ताम्रपट वाचणं आणि नीट संपादित करून छापणं हे त्यांचं काम.

त्याच काळात संस्कृतच्या जगात एक मोठा वाद चालू होता. त्रिवेंद्रमला टी. गणपती शास्त्री यांनी १९१२पासून काही जुनी नाटकं प्रसिद्ध केली आणि ती भास या नाटककाराची आहेत असं मांडलं. अर्धे विद्वान म्हणाले, भासाचीच. अर्धे म्हणाले, छे, शक्यच नाही. सुकथनकरांनी त्या नाटकांवर एकामागून एक लेख लिहिले. दोन्ही बाजूंचे पुरावे त्यांनी तराजूत घातले आणि ते निकाल लावायला पुरेसे आहेत का हे पाहिलं. दोन्हीकडून टाळ्या मिळवण्याची संधी होती, पण कुठल्याही एका बाजूला जाऊन बसायची घाई त्यांनी केली नाही.

एका महाभारताची शेकडो महाभारतं

आता जरा पुण्यात येऊ. लॉ कॉलेज रोडवरून जाताना भांडारकर संस्थेचं फाटक तुम्ही पाहिलं असेल. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ८०व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी ही संस्था स्थापन झाली. लगेच पुढच्या वर्षी संस्थेने ठरवलं की महाभारताची संशोधित आवृत्ती काढायची. १ एप्रिल १९१९ रोजी कामाला औपचारिक सुरुवात झाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचं वचन दिलं. त्या काळचे एक लाख, बरं का!

तुम्ही म्हणाल, महाभारत तर होतंच की छापलेलं. होतं. कलकत्त्याला छापलेलं होतं, मुंबईला छापलेलं होतं, कुंभकोणमलाही छापलेलं होतं. अडचण अशी की ही महाभारतं एकमेकांशी जुळत नव्हती. एकात असलेली गोष्ट दुसऱ्यात नाही. एकात दहा श्लोकांचा प्रसंग, तोच दुसऱ्यात चाळीस श्लोकांचा. हातांनी लिहिलेल्या पोथ्या पाहिल्या तर गोंधळ आणखी मोठा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी वेगळं सांगते, बंगालची वेगळं, केरळची मल्याळम लिपीतली आणखी वेगळं. शेकडो वर्षं लोक हातांनी नकला करत आले होते आणि प्रत्येक नकलेत काही ना काही बदललं होतं.

हे बदल करणारे सगळे लबाड होते असं अजिबात नाही. लेखकूचा डोळा एका ओळीवरून चुकून दुसरीवर गेला, ओळ गळली. कुणी समासात स्वतःसाठी टीप लिहिली, पुढच्या नकलाकाराला ती मूळ श्लोकाचाच भाग वाटली. कुणाकडे दोन पोथ्या होत्या, त्याने चांगलं तेवढं दोन्हींतून घेतलं. कोपरगावकडच्या घराण्यातले आणि काशीत राहणारे पंडित नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकात महाभारतावर टीका लिहिली. तेव्हा त्यांनीही ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या आणि त्यांना उत्तम वाटले ते पाठ घेतले. मन लावून केलेलं काम होतं ते. पण कुठली ओळ कुठल्या पोथीतून आली, हे पुढच्या वाचकाला कसं कळणार?

माझ्या असाइनमेंटचंही नेमकं हेच झालं होतं. थोडं पुस्तकातलं, थोडं नेटवरचं, थोडं चॅटबॉटचं, थोडं माझं. वाचायला छान लागत होतं. पण चार दिवसांनी तुम्ही मला विचारलं असतं की यातलं तुझं कुठलं, तर मलाच सांगता आलं नसतं.

चौकोनांचा कागद

सुकथनकरांच्या आधी नारायण बापूजी उटगीकर हे काम पाहत होते. १९२३ साली त्यांनी विराटपर्वाची एक नमुना आवृत्ती छापून ती अभ्यासकांकडे मतांसाठी पाठवली. आजच्या भाषेत बीटा व्हर्जन. ऑगस्ट १९२५मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. एका श्लोकासाठी चौकोन आखलेला एक मोठा कागद. सगळ्यात वर छापील प्रतीतला श्लोक, एका चौकोनात एक अक्षर. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. पोथीतलं अक्षर वरच्यासारखंच असेल तर चौकोन रिकामा. वेगळं असेल तर जे आहे ते लिहायचं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्या वाचणारी माणसं या कामाला लागली होती. पुण्यात तर काम चालायचंच, शिवाय शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही पाठभेद नोंदवण्याची केंद्रं होती.

आदिपर्वाचा प्रत्येक श्लोक असा किमान दहा पोथ्यांवरून तपासला गेला. पुष्कळसे श्लोक वीस पोथ्यांवरून, आणि पहिल्या दोन अध्यायांसाठी तर तब्बल साठ पोथ्या पाहिल्या गेल्या. एक्सेल नाही, सर्च नाही, कंट्रोल-एफ नाही. हे सगळं कागदावर, शाईने.

गणित शिकलेला माणूस इथे कसा रमला असेल याचा अंदाज येतो ना? पण मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. या खंडाच्या मुखपृष्ठापाशी संपादक म्हणून सुकथनकरांचं नाव आहे आणि त्याखालीच सहकार्य करणाऱ्यांची यादी आहे. पां. वा. काणे आहेत, श्री. कृ. बेलवलकर आहेत, प्राग विद्यापीठातले मोरित्झ विंटरनिट्झ आहेत. असं काम व्हायला हवं हे विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या परिषदेतच मांडलं होतं. चित्रं बाळासाहेब पंतप्रतिनिधींची, तीही नोंद आहे. मदत घेतली हे लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. एवढं मोठं काम एकट्याने होत नसतं, हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगून टाकलंय.

चुकांवरून नातं

आता सरांनी मला तिथे का पाठवलं ते ऐका.

समजा दोन पोथ्यांमध्ये एक श्लोक अगदी बरोबर आहे. त्यावरून त्या पोथ्यांचं नातं कळत नाही. बरोबर गोष्ट दोघांकडे स्वतंत्रपणे येऊ शकते. पण दोन्ही पोथ्यांत तीच चूक, त्याच जागी, त्याच पद्धतीने झाली असेल तर? तर त्या दोघी एकाच आईच्या मुली. एकीची नक्कल दुसरीने केली, किंवा दोघींनी तिसऱ्याच कुठल्यातरी पोथीवरून केली. चुका आणि मागून घातलेल्या भरी यांवरून पोथ्यांची अशी घराणी ओळखता येतात.

लागलं ना लक्षात? आमच्या तिघींच्या असाइनमेंट म्हणजे तीन पोथ्या होत्या. न सापडणारं पुस्तक आणि आडनावातलं चुकलेलं अक्षर यांवरून सरांना फक्त चूक कळली नाही, ती कुणाकडून कुणाकडे गेली तेही कळलं. आई मी होते.

याच्या उलट नियमही तितकाच भारी आहे. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी. मध्ये अख्खा देश. एकीने दुसरीवरून नक्कल केली असण्याची शक्यता फार कमी. तरीही दोघींचं एखाद्या श्लोकावर एकमत झालं, तर तो श्लोक दोन्ही शाखा वेगळ्या होण्याच्या आधीपासून असणार. या पायावर सुकथनकरांनी आदिपर्वाचा मजकूर एकेक श्लोक करत उभा केला. १९२७पासून त्याचे भाग निघू लागले आणि १९३३ला आदिपर्व पूर्ण झालं. सोबत त्यांची प्रदीर्घ इंग्रजी प्रस्तावना होती. कुठल्या पोथ्या घेतल्या, कुठल्या सोडल्या, का सोडल्या, निवडीचे नियम काय, हे सगळं तिच्यात उघड करून ठेवलंय. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क कापतात, पायऱ्या दाखवाव्या लागतात. ही प्रस्तावना म्हणजे त्या पायऱ्या.

आपलं मत कुठे ठेवायचं?

लायब्ररीत मी ते पान उघडलं. वर देवनागरीत श्लोक, खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरांत इतका मजकूर की काही पानांवर वरचे श्लोक जेमतेम चार-पाच आणि बाकी सगळं पान तळटीपांचं. कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे, कुठल्या पोथीत ओळ नाही, कुठल्या पोथीत दोन ओळी जास्त आहेत. जास्तीच्या ओळींना चांदणीची खूण करून नंबर दिलेले. फार मोठे जास्तीचे प्रसंग असतील तर ते मागे परिशिष्टात.

व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ती या आवृत्तीत मूळ मजकुरात नाही. परिशिष्टात आहे. द्रौपदीने भर स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारलं, हा टीव्हीवरचा फेमस सीनही मुख्य मजकुरात नाही. खाली आहे. का? तर पोथ्यांचा पुरावा पुरत नाही म्हणून.

इतकी लाडकी गोष्ट बाहेर काढायला हिंमत लागते हे खरं. पण दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. त्यांनी ती फेकून दिली नाही. प्रत्येक वगळलेली ओळ त्याच खंडात छापलीय, कुठल्या पोथ्यांत आहे त्या यादीसकट. म्हणजे उद्या तुम्हाला वाटलं की सुकथनकर चुकले, तर त्यांना चूक ठरवायला लागणारं सगळं साहित्य त्यांनीच तुमच्या हातात देऊन ठेवलंय.

आणि एक किस्सा तर मला फारच आवडतो. महाभारतात भृगुकुळातल्या ऋषींच्या कथा इतक्या का आहेत, असा त्यांना प्रश्न पडला. त्यावर त्यांनी मोठा निबंध लिहिला आणि मांडलं की मूळ भारतकथा वाढून महाभारत होण्यात भार्गवांचा मोठा हात असावा. खळबळ माजवणारी थिअरी होती ती. अभ्यासकांनी तिच्यावर पुढे बराच वाद घातला. आता विचार करा, ज्याच्या हातात महाभारताचा मजकूर ठरवायचं काम आहे, त्यालाच काही कथा मागाहून आल्यात असं मनापासून वाटतंय. उडवल्या का त्यांनी? नाही. पोथ्यांची साक्ष त्या कथांच्या बाजूने होती, म्हणून त्या कथा आदिपर्वात जागच्या जागी आहेत. स्वतःचं मत त्यांनी स्वतःच्या निबंधात, स्वतःच्या नावाखाली ठेवलं. मजकुरात शिरू दिलं नाही.

नागमोडी रेघ

पान बघता बघता मला एक विचित्र गोष्ट दिसली. काही शब्दांखाली नागमोडी रेघ होती. आधी वाटलं, छपाईचा दोष असेल. मग प्रत्येक पानावर दिसायला लागली. लायब्ररीतल्या काकांना विचारल्यावर उलगडा झाला. जिथे पोथ्या एकमत होत नाहीत आणि संपादकाला एक पाठ निवडावा तर लागतोय पण खात्री नाही, तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ काढायची. बस. एवढंच.

जरा थांबून बघा हे. या माणसासमोर एका श्लोकासाठी साठ-साठ पोथ्या होत्या. अनेक लिप्या वाचणारे पंडित हाताशी होते. जगातला त्या विषयातला सगळ्यात मोठा जाणकार म्हणून लोक त्याच्याकडे बघत होते. त्याने नुसता शब्द छापला असता, तरी शंका घेणारं कोण होतं? पण तो पानापानावर रेघ ओढून सांगतोय की इथे माझी खात्री नाही.

आणि असं केल्याने त्यांचं वजन कमी झालं का? वाद झाले. पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारख्या थोर विद्वानाला वाटत होतं की मूळ मजकूर शोधण्याच्या भानगडीत पडूच नये. नीलकंठांचा मजकूर छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत, झालं. सुकथनकरांनी त्यांना लेख लिहून मुद्देसूद उत्तर दिलं. हा मजकूर म्हणजे व्यासांच्या तोंडचे जसेच्या तसे शब्द, असा दावा त्यांनी कधीच केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे मागे जाता येईल तितकं मागे गेलोय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळमधून आदिपर्वाची एक खूप जुनी ताडपत्राची पोथी उजेडात आली. छापलेलं पुस्तक आता बदलता येणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याने ती पोथी दिसलीच नाही असं केलं असतं. सुकथनकरांनी तिच्यावर वेगळा लेखच लिहिला आणि आपला मजकूर तिच्याशी ताडून पाहिला. त्यांच्या अनेक निवडी त्या पोथीने बरोबर ठरवल्या. पण ताडून बघायला बसले तेव्हा निकाल काय लागणार हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

राहिलेलं व्याख्यान

१९४२ला त्यांनी संपादित केलेलं आरण्यकपर्व पूर्ण झालं. त्यानंतर मुंबई विद्यापीठाने त्यांना महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं द्यायला बोलावलं. आयुष्यभर अक्षरं मोजलेल्या माणसाला आता त्या सगळ्या गोष्टीचा अर्थ काय, हे सांगायचं होतं. तीन व्याख्यानं झाली. चौथं व्हायच्या आधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. वय ५५.

अठरापैकी त्यांच्या हातून पूर्ण झाली ती दोन पर्वं. बाकीची वेगवेगळ्या विद्वानांकडे सोपवलेली होती. पण त्यांच्यामागे काम अडलं नाही. बेलवलकरांनी आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली, १९ खंड झाले आणि सप्टेंबर १९६६मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सुकथनकरांना जाऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती. नियम, खुणा, कागद सगळं इतकं उघड होतं की दुसऱ्याला तिथून पुढे सुरू करता आलं. त्यांची चारही व्याख्यानं, न दिलेल्या चौथ्यासकट, १९५७ला पुस्तकरूपाने आली.

तुम्ही इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ वाचलं असेल तर या आवृत्तीची फळं तुम्ही आधीच चाखलीत. पुढे जपानमधल्या क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी महाभारताचा मजकूर कॉम्प्युटरवर चढवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. म्हणजे आज एखादा शब्द महाभारतात कुठे कुठे येतो, हे तुम्ही मोबाइलवर काही सेकंदांत शोधू शकता.

आता तुमच्या-माझ्या टेबलावर

टूल वापरू नका, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. मी स्वतः वापरते, तुम्हीही वापरता, आणि सुकथनकरांनाही आज कुणी पोथ्या जुळवणारं सॉफ्टवेअर दिलं असतं तर त्यांनी ते नाकारलं असतं असं मला तरी वाटत नाही. गणितवाला माणूस होता तो. पण सॉफ्टवेअरने सांगितलेला शब्द त्यांनी रेघेच्या वर घ्यायच्या आधी पोथी उघडून पाहिली असती, हे नक्की.

कारण टूल कसं चालतं ते आपण विसरतो. नुसता चॅटबॉट लायब्ररीत जाऊन पुस्तक शोधत नाही. एका शब्दानंतर कुठला शब्द शोभेल याचा तो अंदाज बांधत जातो. पुस्तकाचं नाव मागितलं की पुस्तकाच्या नावासारखं दिसणारं काहीतरी देतो. कधी ते खरं असतं, कधी नसतं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दोन्ही वेळेला त्याचा सूर सारखाच असतो. तो नागमोडी रेघ काढत नाही. ती आपल्याला काढावी लागते.

नियमांचं म्हणाल तर प्रबंधांमधल्या वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. पण माझे सहा टक्के होते, विसरू नका. टक्के फक्त शब्द जुळतात का ते सांगतात. जे पुस्तक अस्तित्वातच नाही, त्याच्याशी काय जुळणार?

म्हणून परत लिहिलेल्या असाइनमेंटला मी एक जास्तीचं पान जोडलं. कुठलं टूल वापरलं, कुठल्या तारखेला, काय विचारलं आणि त्याने दिलेल्यातलं मी काय ठेवलं, ते त्यावर लिहिलं. प्रत्येक पुस्तकापुढे मी ते स्वतः पाहिलं की नाही, तेही लिहिलं. पाच पुस्तकं उरली, पाचही हाताळलेली. आणि दोन वाक्यांखाली पेनाने नागमोडी रेघ ओढली, कारण ते मुद्दे मला एकाच ठिकाणी सापडले होते आणि दुसरीकडे पडताळता आले नव्हते. सरांनी मार्क फार दिले नाहीत. पण त्या दोन रेघांपुढे त्यांनी दोन पुस्तकांची नावं लिहून दिली. खात्री नाही हे मी लपवलं असतं तर ती पुस्तकं मला कधीच कळली नसती.

तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो. काही शिक्षकांना टूलची मदत अजिबात चालत नाही, काहींना सांगून घेतलेली चालते. आधी विचारा. विचारायला लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि ग्रुपवर कुणाला काही पाठवाल, तेव्हा ते कुठून आलं हेही सोबत पाठवा, कारण पुढचा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून ते उचलणार असतो.

माझी ती मैत्रीण आता बोलते. मागच्या आठवड्यात तिने माझ्याकडे एका लेखाचा संदर्भ मागितला. मी पाठवला आणि त्याखाली ~~~~ असं टाइप केलं. तिने काहीच विचारलं नाही. लायब्ररीत जाऊन तो लेख शोधला, मूळ पानाचा फोटो काढला आणि मला परत पाठवला.